दहाव्या वर्षीचा रंग

पनवेलमध्ये आम्ही पर्सला पर्सच म्हणतो. हँडबॅग म्हटलं की किंमत वाढते, आणि डिझायनर हँडबॅग म्हटलं की घरात ती किंमत कुणालाही सांगायची नाही हे आपोआप ठरतं. बँकेत मी तेहेतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरच्या आत, दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात. तेवढ्या काळात माझ्या खांद्यावर रेक्झिनच्या आठ-नऊ पर्सा झिजल्या. पट्टा तुटला की बाजारात चपला शिवणाऱ्या काकांकडून टाके मारून घ्यायचे, दुसऱ्यांदा तुटला की नवी घ्यायची. रंगाचा प्रश्न तेव्हा नव्हता. जी मिळेल ती काळी किंवा चॉकलेटी.

गेल्या नऊ वर्षांत मात्र मी दोन महागड्या पर्सा घेतल्या. पहिली चुकली, दुसरी जमली. दोन्ही कुठल्या घराण्याच्या ते सांगत नाही. किंमतही सांगत नाही, कारण माझी वहिनी हे वाचणार आहे. पण रंगाबद्दल मला बरंच काही कळलंय आणि ते कळायला पैसे पडलेत.

१. दुकानातला रंग दुकानातच राहतो

२०१७ साली मी लेकीकडे लंडनला गेले होते. ती नुकती नोकरीला लागलेली. आईला काहीतरी भारी घेऊन द्यायचं या हट्टापायी ती मला एका झगमगीत दुकानात घेऊन गेली. निम्मे पैसे तिचे, निम्मे माझे. तिथे काचेच्या कपाटात एक मोतिया रंगाची पर्स होती. पिवळसर, उबदार दिव्याखाली ती साईसारखी दिसत होती, नुकत्या विरजलेल्या दह्यावरच्या. मी विरघळले.

पनवेलला घरी आणून ट्यूबलाइटखाली ठेवली तर ती साय गेली कुठे कळेना. पांढरट, थोडी हिरवट, पोटदुखीच्या माणसाच्या चेहऱ्यासारखी. रंग बदलला नव्हता, उजेड बदलला होता. दोन रंग एका दिव्याखाली अगदी एक दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात. साडीला मॅचिंग ब्लाउजपीस घ्यायला गेल्यावर आपण कापड घेऊन दुकानाच्या दाराशी जातो, ते याचसाठी. आईने शिकवलेली ही साधी गोष्ट शंभर रुपयांच्या कापडाला मी कधी विसरले नाही. त्याच्या कैकपट किमतीच्या वस्तूला विसरले, कारण पांढरे हातमोजे घातलेला मुलगा ती पर्स ट्रेमध्ये ठेवून दाखवत होता आणि त्याला 'जरा दारात चल' म्हणायची मला लाज वाटली.

आता वाटत नाही. दुसऱ्या वेळी मी पर्स खिडकीशी नेली, आरशापाशी नेली आणि लिफ्टजवळच्या पांढऱ्या दिव्याखालीसुद्धा नेली. दुकानातली मुलगी निमूटपणे मागे मागे येत होती. एक धडा जाता जाता: फोनमधल्या फोटोवर विश्वास ठेवू नये. फोन आपल्या मनानेच रंग दुरुस्त करतो.

२. 'न्यूड' कुणाचा?

सेल्समनच्या तोंडी हा शब्द फार असतो. न्यूड रंग कशावरही जातो म्हणे. तो पीचसारखा रंग लेकीच्या गोऱ्या मैत्रिणीच्या हातात दिसेनासा व्हायचा, माझ्या गव्हाळ हातात मात्र बँडेड लावल्यासारखा उठून दिसायचा. कशावरही जाणारा रंग म्हणजे तुमच्या कातडीजवळचा रंग, असं असेल तर आपल्याकडचा न्यूड बदामी ते कॉफी यांच्यामध्ये कुठेतरी असणार. तो मागावा.

३. फिकट पर्स हप्त्याहप्त्याने जाते

माझी मोतिया पर्स तीन हप्त्यांत गेली. बँकेतल्या बाईने हप्तेच मोजायचे.

पहिला हप्ता जीन्सचा. पनवेल ते सीएसएमटी हार्बर लोकलने जवळपास दीड तास लागतो, आणि पर्स मांडीवर नाहीतर कमरेशी. जीन्सचा निळा म्हणजे नीळ, आणि नीळ सुताच्या आतपर्यंत मुरत नाही, धाग्याच्या वरच बसते. म्हणून तर जीन्स धुता धुता इतकी छान विटते. पण जी धुताना निघते ती घासतानाही निघते. महिन्याभरात पर्सच्या मागच्या बाजूला निळसर ढग जमला. तो गेला नाही. कातडं रंग पितं, त्याला आपला आणि परका कळत नाही.

दुसरा हप्ता हळदीचा. आमच्या शाखेत एक जुने खातेदार होते, खाडीकाठच्या गावातले. त्यांच्या मुलीच्या हळदीला आम्ही सगळा स्टाफ गेलो. आगरी घरातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा. डीजे, मांडवभर माणसं आणि जेवायची पंगत रात्री बारापर्यंत. "मॅडम, जेवल्याशिवाय जायाचं नाय हां," असं म्हणत यजमानीणबाईंनी प्रेमाने माझा हात धरला. त्यांचा हात नुकता नवरीच्या गालावरून आलेला. माझ्या हातावरून तो पर्सवर आला आणि मोतिया चामड्यावर चार बोटं उमटली.

पुढे जे केलं ते मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. घरी जाऊन मी डागाला ओला साबण लावला. डाग लाल झाला. हळदीला चुन्याची निवळी लागली की कुंकू होतं हे लहानपणापासून ठाऊक, शाळेत हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून प्रयोगही केलेला. तरी रात्री साडेबारा वाजता माझ्या डोक्यात ते आलं नाही. हळदीतला रंग क्षाराने लाल पडतो, आणि धुतल्यावर पुन्हा पिवळा होतो. उन्हात मात्र तो विटतो. सुती साडीवरचा डाग दोन दिवस गच्चीत टाकला की जातो. चामड्याला ऊन दाखवलं तर डाग जाईल, पण चामडं सुकून चिरेल. मी अर्धवट ऊन दाखवलं. अर्धवट डाग राहिला.

तिसरा हप्ता दुरुस्तीचा. मुंबईतल्या एका दुकानाने पुन्हा मूळ रंग देऊ म्हणून सांगितलं. त्यांनी दिलेला रंग दुधी होता आणि माझी पर्स मोतिया. शिवाय तो वरून फवारलेला, त्यामुळे घडीपाशी सहा महिन्यांत तडे गेले आणि खालून हळद पुन्हा डोकावली. दुकानाचं नाव घेत नाही. चूक त्यांची निम्मीच होती.

हे सगळं झाल्यावर मी फिकट रंगांच्या विरोधात आहे असं कुणी समजेल. तसं नाही. ज्यांच्या आयुष्यात हळद, लोकल, जीन्स आणि कोकणातला पाऊस यांपैकी दोनच गोष्टी आहेत त्यांनी खुशाल घ्यावी.

४. काळा रंग सोपा वाटतो

मोतियाचा असा निकाल लागल्यावर सगळ्यांनी एकच सल्ला दिला. काळी घे. काळी कधी जुनी होत नाही.

या सल्ल्यामागे मोठी परंपरा आहे. १९२६ मध्ये कोको शनेलचा साधा काळा ड्रेस अमेरिकेतल्या 'व्होग' मासिकाने छापला आणि त्याची तुलना फोर्ड गाडीशी केली. तोवर पश्चिमेत काळा प्रामुख्याने सुतकाचा मानला जायचा, नंतर तो शहाणपणाचा झाला. १९८४ मध्ये अर्मेस या फ्रेंच घराण्याने जेन बर्किन या अभिनेत्रीसाठी केलेली पहिली पर्सही काळीच होती. ती बाई पर्स वापरायची म्हणजे खरोखर वापरायची. वर स्टिकर चिकटवलेले, पट्ट्याला नेलकटर लटकवलेलं, कोपरे घासलेले. ती पर्स १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात ८६ लाख युरोंच्या आसपास गेली. आपल्या रुपयांत साधारण ८६ कोटी. मी तो आकडा दोनदा वाचला आणि शून्यं मोजली, सवयीप्रमाणे.

पण आपल्याकडे काळ्याचं गणित निराळं आहे. संक्रांतीला काळी चंद्रकळा हवी, नवी सून असेल तर हटकून हवी, मंगळसूत्राचे मणी काळेच हवेत. आणि त्याच घरात बारशाला, साखरपुड्याला, मुंजीला काळं नेसलेलं चालत नाही. माझ्या सासूबाई असत्या तर पर्स काळी आहे म्हणून बोलल्या नसत्या, नुसतं पाहिलं असतं. लग्नसराईतल्या निम्म्या समारंभांना जी घेऊन जाताना मनात खुट्ट होणार, ती माझ्यासाठी कायमची कशी?

दुसरी अडचण पावसाची. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातही ओल असते. चामड्यावर बुरशी येणारच. तपकिरी पर्सवर ती धुळीसारखी वाटते, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. नणंदेची काळी पर्स एका ऑगस्टमध्ये मी बाहेर काढली तेव्हा ती चंद्रकळाच झाली होती.

तिसरी गोष्ट मला चपला शिवणाऱ्या काकांनी दाखवली. त्यांनी एका काळ्या पर्सचा घासलेला कोपरा अंगठ्याने दाबून म्हटलं, "बघा ताई, आतनं निळसर." आजची बहुतेक चामडी क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. त्या प्रक्रियेत ओलं चामडं फिकट निळं होतं. मग वर रंग चढतो. रंग आरपार मुरला असेल तर कोपरा घासला तरी खाली तोच रंग. नुसता वरून थर असेल तर काळ्याखाली निळसर राखाडी दिसतो, आणि काळ्यावर तो सगळ्यांत जास्त दिसतो. म्हणून महाग पर्स बघताना मी आता आधी कडा बघते, पट्ट्याच्या भोकाचा आतला भाग बघते. तिथे कापलेलं चामडं दिसतं. लोगो नंतर.

५. मळतो त्याच दिशेने जुना होणारा रंग

हा मुद्दा मला सगळ्यांत उशिरा कळला, म्हणून यावर जरा बसते.

आपण पर्स घेतो ती पहिल्या दिवसाच्या रंगावर भाळून. पण वापरतो ती पाचव्या, सातव्या, दहाव्या वर्षी. प्रत्येक रंगाला एक म्हातारपण असतं. मोतिया पिवळट होतो, काळा कडेने करडा होतो, गुलाबी मळकट होतो. म्हणजे हे रंग स्वतःपासून लांब जातात. नवेपणा गेला की बिचारे केविलवाणे दिसतात. काही रंग मात्र जुने होताना स्वतःकडेच जातात.

याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्या दारातच आहे, अक्षरशः. कोल्हापुरी चप्पल. बाभळीची साल, हिरडा अशा झाडपाल्याने कमावलेलं चामडं. नवं असताना फिकट, गव्हाच्या ओंबीसारखं. मग तेल, घाम, धूळ, ऊन सगळं पीत जातं आणि मधाळ होतं, मग गुळासारखं. त्यावर डाग पडला तर तो डाग राहत नाही, रंगात जमा होतो. बाबांची चप्पल पंधरा वर्षांची होती, आणि नवी होती तेव्हापेक्षा बरी दिसायची. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या आणि आपल्याकडे गदारोळ झाला. भौगोलिक मानांकन २०१९ चं, नाव आपल्या कारागिरांचं, आणि तिथे उल्लेखही नव्हता. राग बरोबरच होता. मला मात्र त्या बातम्यांमधले फोटो बघताना आणखी एक वाटलं. जो रंग आपण जत्रेत घेतो आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवतो, तोच मी इतकी वर्षं काचेच्या कपाटांत शोधत होते.

लुई व्हितॉनच्या पर्सांचे पट्टे पाहिलेत? न रंगवलेल्या चामड्याचे. नवे असताना जवळजवळ गोरे, दोन-तीन वर्षांत मधासारखे. ते घराणं त्याला दोष मानत नाही, गिऱ्हाईकंही त्या बदलण्याचं कौतुक करतात. कोल्हापुरीची युक्ती तीच.

तर टॅन रंग घ्यावा, असं माझं जवळजवळ ठरलं होतं. एकच अडलं. पावसाचे टपोरे थेंब. असल्या उघड्या चामड्यावर थेंब पडला की गोल डाग राहतो, आणि पनवेल स्टेशनच्या पुलावरून रिक्षापर्यंत जाताना जुलैत थेंब चुकवणं कुणाला जमलंय? कोल्हापुरीसुद्धा आपण पावसाळ्यात माळ्यावर टाकतो. आठ महिन्यांचा रंग मला नको होता.

६. कपाटाला विचारा, मासिकाला नाही

एका रविवारी मी सगळ्या साड्या, कुर्ते पलंगावर काढले. सदतीस साड्या. त्यांत हिरव्या नऊ, हे मला माहीतच नव्हतं. मोरपंखी, शेवाळी, मेंदी सगळ्या धरून. मोहरी आणि लिंबू रंगाच्या सहा. निळ्या पाच. बाकी अबोली, विटकरी, राखाडी, एक पैठणी, दोन नारायणपेठ. लाल एकच, लग्नातली. मग मी कापडाच्या दुकानातून चार तुकडे आणले, काळा, टॅन, राखाडी आणि गडद किरमिजी. एकेका साडीवर एकेक तुकडा ठेवून वहीत खुणा केल्या. नवरा म्हणाला, "ऑडिट चाललंय का?" चाललंच होतं.

काळा सगळ्यांवर चालला, पण एकावरही खुलला नाही. टॅन हिरव्या आणि निळ्यावर सुरेख, राखाडी साडीवर मात्र उगीचच. राखाडी तुकड्याचं नाव दुकानांत काहीतरी फ्रेंच असतं, त्याची हवा फार. माझ्या मोहरीवर तो धुळीसारखा पडला. गडद किरमिजी हा मी नुसता गंमत म्हणून आणला होता. तो हिरव्यावर उठला, मोहरीवर उठला, निळ्यावर शांत बसला, राखाडीला त्याने रंग दिला. लग्नातल्या लालवर तेवढा भांडला. लाल साडी मी वर्षातून एकदा नेसते.

सल्ला एवढाच की, पर्सचा रंग कपड्यांत सगळ्यांत जास्त असलेल्या रंगाशी जुळवू नये, त्याच्या समोर बसवावा. हिरव्या साडीला हिरवी पर्स म्हणजे शाळेचा गणवेश.

७. सोनेरी की चांदी

यावर फार बोलायचं नाही. हातात पाटल्या, गळ्यात मंगळसूत्र, कानात कुड्या असतील तर कड्या-कुलपं सोनेरी घ्या. चांदीसारख्या कड्या असलेली पर्स छान असते, पण आपल्या अंगावरच्या सोन्यापुढे ती पाहुण्यासारखी उभी राहते. आणि चकचकीत सोनेरीपेक्षा थोडा मंद सोनेरी बघा. मुलामा कडेने जातोच, मंद असला की लवकर कळत नाही.

८. पर्सच्या आतही रंग असतो

शनेलची फेब्रुवारी १९५५ मधली पर्स, जिला त्या तारखेवरूनच २.५५ म्हणतात, तिचं अस्तर गडद वाइन रंगाचं. कोको शनेल लहानपणी ज्या अनाथाश्रमात वाढली तिथल्या गणवेशाचा तो रंग असं सांगतात. खरं-खोटं काही असो, अस्तराला रंग असावा हे तिला कळलं होतं. काळ्या अस्तरात किल्ली सापडत नाही. लोकलच्या दारात उभं राहून पास शोधणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको. पांढऱ्या अस्तरात बॉलपेन एकदाच फुटतं. मध्यम रंगाचं, जरा उजळ अस्तर बघावं, आणि त्याच्यावर बोट घासून पाहावं की रंग बोटाला लागतो का.

९. रंगाचं नाव आपल्या भाषेत मिळालं की निर्णय होतो

२०२४ मध्ये निवृत्त झाले. फंडाचे पैसे आले, त्यातले थोडे माझे, म्हणजे फक्त माझे, असं मी ठरवलं. त्याआधी दोनदा नुसती बघायला गेले होते. एकदा हार्बर लोकलने सीएसएमटी, तिथून चालत हॉर्निमन सर्कलला. तिथे अर्मेसचं दुकान २०११ पासून आहे. आत गेले. त्यांचे नारिंगी डबे तेवढे बघितले. पूर्वी हे डबे क्रीम रंगाचे होते. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि पुरवठादाराकडे नारिंगीच उरला होता म्हणतात. कुणीच निवडला नाही तो रंग आज जगभर ओळखला जातो. बरंच बरं वाटलं ते ऐकून. दुसऱ्यांदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलेल्या जिओ वर्ल्ड प्लाझात. तिथे जायला लोकल आणि रिक्षा, आणि रिक्षातून उतरून संगमरवरात शिरताना चप्पल पुसावी का असा प्रश्न.

(आता जे घेणार आहेत त्यांच्यासाठी, बँकेची सवय म्हणून: २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या हँडबॅगवर दुकानदार एक टक्का टीसीएस घेतो. तो विवरणपत्र भरताना करात वळता होतो, पावती जपून ठेवा. माझी पर्स या आकड्याच्या आसपासही नव्हती. वहिनी, खरंच नव्हती.)

पैसे आल्यावर पुन्हा त्याच प्लाझात गेले. तिथल्या एका दुकानात ती होती. मुलगी म्हणाली, "मॅम, बरगंडी. ऑक्सब्लडच्या थोडा आधीचा टोन." बैलाचं रक्त! मी पर्स खिडकीपाशी नेली. लालसर, खाली जांभळा, घडीत जवळजवळ काळा. किरमिजी म्हणावं तर तो जास्त लाल. डाळिंबी म्हणावं तर इतकी चमक नाही. वांगी नक्कीच नाही. शब्द जिभेवर येईना आणि शब्द येईपर्यंत हात खिशात जाईना.

आणि मग आला. आमसुली.

आईचं माहेर कुडाळकडचं. मे महिन्यात मामाच्या अंगणात रातांबे फोडून सालं वेगळी काढत. गराच्या रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा ऊन. एकेका पुटाने लाल साल गडद होत जायची, शेवटी काळी, मऊ, चकाकती. काळी झाली की बिघडली असं नाही, काळी झाली की झाली. आईची एक इरकल याच रंगाची होती. ती तिने तीस वर्षं नेसली, मग तिची दोन दुपटी शिवली, त्यातल्या एकात माझी लेक वाढली.

मी त्या मुलीला म्हटलं, "ही द्या." ती म्हणाली, "मॅम, ब्लॅकमध्येपण आहे, ब्लॅक इज फॉरएव्हर." मी म्हटलं, "हाही काळाच होणार आहे, सावकाश."

१०. आता पावसाळ्याचं थोडं

पर्स प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, बुरशीला तेच हवं असतं. जुन्या सुती साडीच्या पिशवीत ठेवायची. आत वर्तमानपत्राचा बोळा घालू नका, शाई अस्तराला लागते, साधा पांढरा कागद घाला. महिन्यातून दोनदा काढून पंख्याखाली, सावलीत ठेवायची. बुरशी आलीच तर कोरड्या मऊ फडक्याने घराबाहेर पुसायची, म्हणजे ती पुन्हा कपाटात पसरत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पर्स वापरायची. माझ्या ओळखीत एक बाई आहेत, त्यांची पर्स सहा वर्षं डब्यातच आहे. तिचा रंग अजून नवा आहे, पण तो कुणी पाहिलेला नाही.

माझी आमसुली आता दोन वर्षांची होईल. पट्ट्यावर, जिथे हात धरतो तिथे, ती एक पूट गडद झालीय. मागच्या बाजूला जीन्स घासलीच असेल, दिसत नाही. गणपतीत हळदीकुंकवाचा हात लागला, तोही दिसत नाही. आईला पहिल्यांदा दाखवली तेव्हा चौऱ्याऐंशीव्या वर्षी चष्मा पुसून तिने ती नाकाशी नेली आणि म्हणाली, "वास नाही गं येत आमसुलाचा."

आणि मोतिया? ती दाराच्या मागे खिळ्याला होती, आत मुदतठेवींच्या जुन्या पावत्या. या जानेवारीत लेक आली. आमसुलीकडे तिने एकदा पाहिलं, छान म्हणाली आणि दारामागून मोतिया काढून पावत्या टेबलावर रिकाम्या केल्या.

"ही मी नेते."

"अगं, त्याच्यावर हळद आहे. तडे गेलेत. नवी घेऊ तुला."

"नको, हीच."

निघताना तिने ती खांद्याला लावली, चार बोटांची बाजू बाहेर. मी म्हटलं, "हळदीची बाजू आत तरी धर, लोकांना दिसणार नाही."

"आत जीन्स लागते ना, आई. तूच सांगितलंस," असं म्हणून ती रिक्षात बसली.